महात्मा गांधी : व्रतस्थ आहार आणि अखंड पदभ्रमण

पोरबंदरच्या दिवाण करमचंद गांधी यांच्या घरी चातुर्मास हा कडक नियमांचा काळ असे. त्यांच्या पत्नी पुतळीबाई या चार महिन्यांत एकभुक्त राहत. ओळीने दोन-तीन उपवास त्यांना सहज साधत. एका चातुर्मासात तर सूर्यदर्शन झाल्याखेरीज अन्नग्रहण करावयाचे नाही, असा नियम त्यांनी घेतला होता. पावसाळी आभाळाकडे डोळे लावून बसलेली मुले सूर्य दिसताच आईला हाका मारीत धावत. ती बाहेर येईपर्यंत सूर्य पुन्हा ढगाआड गेलेला असे, आणि ती माउली हसतमुखाने आपल्या कामाला लागे. २ ऑक्टोबर १८६९ रोजी जन्मलेल्या मोहनदासाने व्रत म्हणजे काय हे प्रथम पाहिले ते असे. घराणे वैष्णव होते; परंतु करमचंदांकडे जैन साधूंचे नित्य येणे-जाणे असे, आणि हे साधू त्या जैनेतर घरातून गोचरीही स्वीकारीत.

मुलाची शरीरयष्टी किरकोळ आणि स्वभाव लाजाळू होता. राजकोटच्या शाळेत मुख्याध्यापकांनी वरच्या वर्गांना व्यायाम आणि क्रिकेट सक्तीचे केले, तेव्हा मोहनदासाला ते नकोसे झाले. शाळा सुटताच घरी जाऊन आजारी वडिलांची सेवा करावी, एवढीच त्याची ओढ होती. शिक्षणात शरीराच्या शिक्षणालाही बुद्धीच्या शिक्षणाइतकेच स्थान असावे, हे पुढे त्यांनीच मान्य केले आणि त्या वेळची आपली नावड चुकीची होती, असेही लिहून ठेवले. मात्र मोकळ्या हवेत लांबवर चालण्याचे लाभ त्याने त्याच वयात कोठेतरी वाचले होते. ते त्याला पटले आणि चालण्याची सवय जडली. व्यायामशाळेत कधीच न रमलेल्या या मुलाने ही एक सवय अखेरच्या दिवसापर्यंत सोडली नाही.

आहाराच्या बाबतीत मात्र आरंभीच पाय घसरला. मांसाहारामुळे इंग्रज बलवान झाले आणि म्हणूनच ते आपल्यावर राज्य करतात, असा समज त्या काळी काठेवाडच्या तरुणांत पसरला होता. एका धट्ट्याकट्ट्या मित्राच्या नादाने मोहनदासाने वर्षभरात पाच-सहा वेळा चोरून मांस खाल्ले. पहिल्या रात्री पोटातला बकरा ओरडत असल्याचा भास होऊन त्याची झोप उडाली. तरीही त्याने हा प्रकार सोडला तो किळस आली म्हणून नव्हे. घरी भूक नसल्याची थाप मारावी लागते, आईवडिलांशी खोटे बोलावे लागते, हे त्याला सहन झाले नाही. आईवडील हयात असेपर्यंत मांस वर्ज्य, पुढे स्वतंत्र झाल्यावर उघडपणे खाऊ, असा तो निश्चय होता. म्हणजे शाकाहार अजून पटलेला नव्हता. पटले होते ते केवळ सत्य.

सन १८८८ मध्ये बॅरिस्टरीसाठी विलायतेस जाण्याचे ठरले, तेव्हा पुतळीबाईंचा जीव कासावीस झाला. तिकडे गेलेली मुले मद्यमांसाविना राहत नाहीत, असे त्यांच्या कानावर आले होते. यातून वाट काढली ती बेचरजी स्वामी यांनी. हे मूळचे मोढ वाणी. पुढे जैन साधू झालेले आणि गांधी कुटुंबाचे सल्लागार. त्यांच्या समक्ष मोहनदासाने मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा केली आणि मगच आईने अनुमती दिली. ४ सप्टेंबर १८८८ रोजी त्याने मुंबईचा किनारा सोडला. गांधीजींच्या साऱ्या पुढच्या आहारसाधनेचा पाया एका जैन मुनीने दिलेल्या या नियमात आहे, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांतून बहुधा एका ओळीत उरकली जाते.

लंडनचे पहिले आठवडे उपासमारीचे गेले. यजमानीणबाईंच्या घरच्या उकडलेल्या, अळणी भाज्या घशाखाली उतरत नसत. सकाळची ओटची लापशी तेवढी पोट भरी, दुपारी व रात्री पाव, पालक आणि मुरंबा. अधिक पाव मागण्याची लाज वाटे. मित्र समजावीत, की अशिक्षित आईपुढे परिस्थितीची कल्पना नसताना केलेल्या प्रतिज्ञेला काय अर्थ? तरुण मोहनदासापाशी या युक्तिवादाला उत्तर नव्हते. नकार मात्र होता. शाकाहारी खाणावळ शोधीत तो रोज दहा-बारा मैल वणवण करी, एखाद्या स्वस्त उपाहारगृहात पोटभर पाव खाई आणि अतृप्त परते. अखेर एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर अशी एक खाणावळ सापडली. दाराशी विक्रीला ठेवलेली, शाकाहाराचा कैवार घेणारी हेन्री सॉल्ट यांची पुस्तिका त्याने एक शिलिंग देऊन घेतली, आत जाऊन विलायतेतील पहिले तृप्तीचे जेवण घेतले आणि नंतर ती अथपासून इतिपर्यंत वाचून काढली. आईसाठी पाळलेला नियम त्या दिवसापासून त्याचा स्वतःचा झाला.

पुढील दोन वर्षांत लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर त्यांची निवड झाली. बेजवॉटर भागात त्यांनी एक शाकाहारी क्लबही काढला. स्वतः चिटणीस झाले, डॉ. जोसाया ओल्डफील्ड यांना अध्यक्ष आणि कवी एडविन अर्नोल्ड यांना उपाध्यक्ष केले. घरून येणारी मिठाई व मसाले त्यांनी बंद केले. काही दिवसांनी तोच मसाल्याविना उकडलेला पालक रुचकर लागू लागला, तेव्हा चवीचे खरे स्थान जिभेत नसून मनात आहे, हा बोध त्यांना झाला. खर्च कमी करण्यासाठी त्यांनी खोली अशी घेतली, की कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोहोचता यावे. गाडीभाडे वाचले आणि दररोज आठ-दहा मैल चालणे होऊ लागले. विलायतेच्या त्या थंडीत आपण जवळजवळ निरोगी राहिलो आणि शरीर बऱ्यापैकी बळकट झाले, याचे श्रेय त्यांनी प्रामुख्याने या चालण्याला दिले आहे.

याच काळात अंड्यांचा प्रश्न आला. मांसाच्या व्याख्या तेथे तीन प्रकारच्या प्रचलित होत्या आणि त्यांपैकी काहींनुसार अंडी मांसात मोडत नव्हती. त्या आधारे त्यांनी काही दिवस अंडी घेतलीही. परंतु प्रतिज्ञेचा अर्थ प्रतिज्ञा देणाऱ्याच्या मनातला धरावयाचा, घेणाऱ्याच्या सोयीचा नव्हे, हे ध्यानात येताच ती सोडली. आईच्या मनातील मांसात अंडी येत होती, एवढे पुरे होते. त्यामुळे अनेक पदार्थ तयार करण्याची रीत चौकशी करून मगच खाण्याची वेळ आली आणि ताटातून पुष्कळ काही गेले. हा प्रसंग वाचकांनी लक्षात ठेवावा. तीस वर्षांनी असाच प्रश्न पुन्हा उभा राहावयाचा होता.

सन १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन ते मुंबईस उतरले, तेव्हा आई या जगात राहिली नसल्याचे त्यांना समजले. जिच्यासाठी तीन वर्षे प्रतिज्ञा पाळली, तिला ती पाळल्याचे सांगता आले नाही. याच मुंबईत, डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी त्यांचा श्रीमद् राजचंद्रांशी परिचय झाला. श्रीमद् त्या वेळी तेवीस वर्षांचे होते. जवाहिरांचा लाखांचा व्यवहार आटोपताच धर्मग्रंथात आणि आत्मचिंतनात बुडून जाणाऱ्या या गृहस्थाचा गांधीजींच्या मनावर खोल ठसा उमटला. पुढे आफ्रिकेत धर्मविषयक शंकांनी मन व्याकूळ झाले, तेव्हा त्यांनी सत्तावीस प्रश्न लिहून पाठविले ते श्रीमदांनाच. दूध हे विकार वाढविणारे आहे, हा विचारही त्यांनी प्रथम श्रीमदांकडून ऐकला. श्रीमदांचे १९०१ मध्ये अवघ्या तेहतिसाव्या वर्षी देहावसान झाले; दुधाविषयीचा तो विचार मात्र मनात रुजून राहिला.

दक्षिण आफ्रिकेतील एकवीस वर्षे म्हणजे प्रयोगांची एक मालिकाच होती. १८९३ मध्ये प्रिटोरिया येथे कच्च्या अन्नाचा प्रयोग झाला आणि तो फसला. वकिली भरभराटीला आली तशी बैठक वाढली आणि बद्धकोष्ठ व डोकेदुखीने त्यांना गाठले. तेव्हा त्यांनी सकाळची न्याहारी बंद केली. प्रारंभी जड गेले, पण डोकेदुखी पूर्ण थांबली, आणि आपण गरजेपेक्षा अधिक खात होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जैन परंपरेत ज्याला ऊनोदरी म्हणतात, भुकेपेक्षा चार घास कमी खाण्याचे ते तप, त्याचीच ही खूणगाठ होती.

कस्तुरबांच्या आजारपणात आणखी एक प्रकरण घडले. रक्तस्राव थांबेना, म्हणून गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडण्याचा आग्रह केला. तुम्हाला कोणी सांगितले तर तुम्हालाही हे सोडता येणार नाही, असे कस्तुरबा सहज बोलून गेल्या. त्याच क्षणी गांधीजींनी वर्षभरासाठी दोन्ही वर्ज्य केल्याचे जाहीर केले. त्या बिचाऱ्या रडल्या, नियम मागे घेण्याची विनवणी केली, मी सोडते पण तुम्ही सोडू नका म्हणाल्या. पण नियम तो नियम. कस्तुरबांना गुण आला खरा. तथापि डाळी सोडण्याचा सल्ला आजचा कोणताही आहारतज्ज्ञ शाकाहारी माणसाला सरसकट देणार नाही, आणि वैद्यकाचे मत याबाबत भिन्न असल्याचे गांधीजींनीही नमूद करून ठेवले आहे.

जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर १९१० मध्ये टॉल्स्टॉय फार्म उभा राहिला. हर्मन कॅलनबॅक यांच्या मालकीची ती अकराशे एकर जमीन होती आणि तेथे फळझाडे विपुल होती. केवळ खाजगी कामासाठी शहरात जावयाचे असेल तर पायी जावे, हा तेथला नियम होता. मंडळी मध्यरात्रीनंतर दोन वाजता शिदोरी घेऊन निघत. खोदणे, लाकडे तोडणे, ओझी वाहणे ही कामे सर्वांना असल्याने वेगळ्या व्यायामाची गरजच कोणाला भासत नव्हती. १९१२ मध्ये येथेच गांधीजी व कॅलनबॅक यांनी दूध सोडले. श्रीमदांचा तो जुना विचार त्यामागे होता. शिवाय कलकत्त्याकडील गवळी अधिक दूध काढण्यासाठी गायी-म्हशींवर फुक्याची जी अमानुष रीत वापरीत, तिचे वर्णन वाचून आलेली तीव्र वेदनाही होती. भुईमूग, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल असा आहार सुरू झाला. भारतात किंवा अन्यत्र कोणत्याही कारणासाठी दूध घ्यावयाचे नाही, असे ठरले.

या व्रताची पहिली परीक्षा १९१४ मध्ये लंडनमध्ये झाली. गांधीजींना फुप्फुसाच्या आवरणाचा दाह झाला. डॉ. जीवराज मेहता दूध व धान्य घेण्याचा आग्रह करू लागले आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांचीच बाजू घेतली. ज्यांना गुरुस्थानी मानले त्या गोखल्यांचा शब्द मोडणे सोपे नव्हते. गांधीजींनी विचारासाठी चोवीस तास मागितले, रात्र जागून काढली आणि गोखल्यांचा आग्रह नम्रपणे नाकारला. गोखल्यांना हे पटले नाही. परंतु निर्णय धार्मिक भावनेतून झाला आहे हे जाणून त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

सन १९१५ च्या एप्रिलमध्ये गांधीजी हरिद्वारच्या कुंभमेळ्यास गेले. तत्पूर्वी एक विचित्र अनुभव त्यांना येत होता. ते फलाहारी असल्यामुळे यजमान मंडळी नाना प्रकारचा सुकामेवा गोळा करीत, घरातील स्त्रिया रात्री जागून तो सोलीत व निवडीत. साधेपणासाठी घेतलेला आहार यजमानांच्या घरी सोहळा होऊन बसला होता. यावर उपाय म्हणून त्यांनी हरिद्वारला दोन नियम घेतले : चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खावयाचे नाहीत, आणि अंधार पडल्यावर अन्न घ्यावयाचे नाही. आजारपणात औषध या पाचांत धरावे की नाही, यावरही त्यांनी विचार केला आणि कोणताही अपवाद न ठेवण्याचे ठरविले. या नियमांनी आपली कसोटी पाहिली, तसेच अनेक आजारांपासून ढालीसारखे रक्षणही केले, असे त्यांनी तेरा वर्षांनंतर नोंदविले. जैन श्रावकाला हे दोन्ही नियम परिचित आहेत. पहिला म्हणजे बाह्य तपांतील वृत्तिसंक्षेप आणि दुसरा म्हणजे रात्रिभोजनत्याग. ताटात पदार्थांची संख्या वाढली की खाण्याचे प्रमाण वाढते, आणि रात्री उशिरा जेवून लगेच झोपले की वजन वाढते, हे आज वजन कमी करू पाहणाऱ्याला पैसे मोजून ऐकावे लागते.

मात्र या साधनेतही तोल सुटला, आणि तो ज्या रीतीने सुटला ते जाणून घेण्यासारखे आहे. १९१८ च्या उन्हाळ्यात खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव पायपीट चालली होती. आहार भुईमुगाचा लगदा आणि लिंबू एवढाच. शेंगदाणा अतिरेकाने खाल्ला तर अपाय करतो हे ठाऊक असूनही तो अधिक खाल्ला गेला आणि किंचित आमांश जडला. उपवास केला असता तर कदाचित तेथेच निभावले असते. पण तो सणाचा दिवस होता. कस्तुरबांनी तेलात परतलेली गव्हाची गोड लापशी आणि मूग करून ठेवले होते. त्यांना बरे वाटावे म्हणून थोडे घ्यावे, असे म्हणत गांधीजी बसले आणि जिभेला बळी पडून पोटभर जेवले. तासाभरात आमांशाने उग्र रूप धारण केले. चव जिंकल्याचे ज्याने जगाला सांगितले, त्या पुरुषाला एका वाटीभर लापशीने अंथरुणाला खिळविले. आणि हे लपवून न ठेवता त्यांनी स्वतःच सविस्तर लिहिले, म्हणून ते आज आपल्याला माहीत आहे.

आजार महिनोन्‌महिने लांबला. औषध नको, इंजेक्शन नको, दूध तर नकोच. मृत्यू जवळ आल्याचे त्यांना वाटू लागले. केळकर नावाच्या एका मराठी गृहस्थांनी अंगभर बर्फ लावण्याचे उपचार केले. त्यांनी थोडी उभारी आली. हवापालटासाठी माथेरानला नेले, पण तेथील जड पाणी मानवले नाही आणि आठवड्यात परतावे लागले. अखेर १९१९ च्या जानेवारीत मुंबईत डॉ. दलाल यांनी मूळव्याधीची शस्त्रक्रिया केली आणि स्पष्ट सांगितले, की दुधाखेरीज हे शरीर पुन्हा उभे राहणार नाही. गांधीजींनी व्रताची आणि त्यामागील फुक्याच्या क्रूरतेची हकिकत सांगितली. खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी ती ऐकली आणि विचारले, की मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? डॉक्टरांनी तो धागा लगेच उचलला. रौलट कायद्याविरुद्धच्या लढ्याची जबाबदारी समोर होती, जगण्याची इच्छा प्रबळ झाली होती. गांधीजींनी होकार दिला.

शरीर सावरले. मनाला लागलेला काटा मात्र निघाला नाही. व्रत घेताना डोळ्यांसमोर गाय-म्हैस होती हे खरे. पण व्रताचा आशय तर प्राणिमात्राच्या दुधाचा होता. आपण अक्षर पाळले आणि आत्मा मारला, अशी कबुली त्यांनी उघडपणे दिली. लंडनमध्ये अंड्यांच्या वेळी त्यांनी आईच्या मनातला अर्थ धरला होता. मुंबईत स्वतःच्याच व्रताचा संकुचित अर्थ स्वीकारला. जैन परंपरेत पच्चक्खाण देताना आगार, म्हणजे सवलती, आधीच उच्चारलेले असतात आणि तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून ठेवलेला आगारही त्यांत असतो. माणसाच्या देहाची मर्यादा ओळखून केलेली ती व्यवस्था आहे. गांधीजींनी आगार ठेवला नव्हता. म्हणून त्यांना पळवाट शोधावी लागली आणि ती आयुष्यभर सलत राहिली. वैद्यकाचा पुढचा इतिहास मात्र कस्तुरबांच्या व्यवहारबुद्धीला अनुकूल निघाला. वनस्पतिजन्य अन्नातून पुरेसे न मिळणारे बी-१२ जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी वेगळे काढले ते १९४८ मध्ये. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते, आणि दूधही सोडणाऱ्याने ते औषधरूपाने घ्यावे, असे आजचे डॉक्टर सांगतात. दुधाची जागा घेईल अशी वनस्पती कोणीतरी शोधावी, ही विनंती गांधीजी अखेरपर्यंत करीत राहिले.

यानंतरही ते शिकतच होते. १९२९ मध्ये न शिजविलेल्या अन्नाचा प्रयोग पुन्हा केला, वजन घटले, आमांश उलटला आणि प्रयोग सोडावा लागला; त्याची हकिकत त्यांनी आपल्या साप्ताहिकात छापली. २० नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनच्या शाकाहारी मंडळाने त्यांना निमंत्रित केले, तेव्हा व्यासपीठावर वृद्ध हेन्री सॉल्ट शेजारी बसले होते. या सभेत गांधीजींनी शाकाहाऱ्यांचे कौतुक न करता त्यांचे दोष दाखविले. मांस नाही म्हणून डाळी, कडधान्ये आणि चीज वाटेल तेवढे खाणाऱ्यांची प्रकृती सुधारत नाही. खाण्याखेरीज दुसरे काही न बोलणारे शाकाहारी अन्नाचे दास होतात. आणि केवळ प्रकृतीसाठी शाकाहारी झालेला माणूस प्रकृती बिघडताच तो सोडतो, म्हणून त्याला नीतीचा आधार हवा, असा त्या भाषणाचा आशय होता. तूप-साखरेच्या मिठाया आणि तळलेले फरसाण अहिंसेच्या कसोटीला उतरतात, एवढ्यावरून ते आरोग्यदायी ठरत नाहीत, हे आपल्या समाजातील लग्नसमारंभांकडे पाहून कोणालाही समजेल.

चालण्याचे सामर्थ्य जगाने पाहिले ते १९३० मध्ये. १२ मार्च रोजी साबरमतीहून निघालेले गांधीजी ५ एप्रिलला दांडीला पोहोचले. अंतर सुमारे ३८५ किलोमीटर, वय साठ पूर्ण. सोबत सुमारे ऐंशी सत्याग्रही होते. त्यांत भजने म्हणणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हेही होते. वाटेतील गावांनी साधे अन्न द्यावे, अशी आधीच सूचना दिलेली होती. तरीही भाटगाम येथे सुरतेहून मोटारीने दूध-भाजी आणवल्याचे कळले, तेव्हा त्यांनी भर सभेत स्वतःला व सहकाऱ्यांना दोष दिला. सत्याग्रहीच्या ताटाचा खर्च गरिबाच्या ताटाशी ताडून पाहावा, ही त्यामागील दृष्टी होती.

सन १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळ शेगाव येथे राहावयास आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. तत्पूर्वी १९३४ च्या अखेरीस वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत होते. हातसडीचे तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, गूळ आणि परसातील पालेभाजी यांचा गांधीजींनी येथून सातत्याने प्रचार केला. गिरणीत पांढरेशुभ्र केलेल्या तांदळातून पोषक कोंडा जातो आणि गावकऱ्याचा रोजगारही जातो, हे त्यांचे दुहेरी गणित होते. आश्रमाच्या पंगतीत मसाल्याविना उकडलेली भाजी वाढली जाई. कंदमुळांचा विधिनिषेध मात्र ते मानीत नसत. गाजर, कांदा त्यांच्या ताटात असे आणि रक्तदाबावर ते लसूणही घेत. या बाबतीत त्यांचा मार्ग जैन आचाराहून वेगळा होता.

त्यांच्या प्रकृतीच्या जपून ठेवलेल्या नोंदी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार १९३९ मध्ये त्यांचे वजन ४६.७ किलो होते आणि उंची १६५ सेंटिमीटर. आजच्या मापाने हे वजन कमीच म्हणावे लागेल. रक्तदाब मात्र १९३७ मध्ये १९४/१३० इतका नोंदविलेला आहे. सडपातळ अंगकाठी, मिताहार आणि रोजचे चालणे असूनही रक्तदाब वाढू शकतो. तो मोजूनच कळतो.

ऑगस्ट १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवास आला. याच वास्तूत त्यांनी आरोग्यविषयक छोटेखानी पुस्तक लिहिले. १९१३ मध्ये आफ्रिकेत लिहिलेल्या लेखमालेचे ते सुधारित रूप होते. बैठे काम करणाऱ्या माणसाचा दिवसाचा आहार त्यात वजनानिशी दिला आहे : गायीचे दूध सुमारे ९०० ग्रॅम, सर्व धान्ये मिळून १७० ग्रॅम, पालेभाजी ८५ ग्रॅम, इतर भाज्या १४० ग्रॅम, कच्ची भाजी २८ ग्रॅम, तूप ४० ग्रॅमच्या आसपास, गूळ किंवा साखर तितकीच, दोन लिंबे, आणि फळे रुचीप्रमाणे व ऐपतीप्रमाणे. मूळ मापे पौंड व औंसांत आहेत. ढोबळ हिशेब केला तर हे अठराशे कॅलरींच्या आसपास भरते. १७० ग्रॅम धान्य म्हणजे दिवसभरात मध्यम आकाराच्या पाच-सहा पोळ्या, आणि त्यात भातही आला. आपल्या घरातील ताटाशी कोणी हे ताडून पाहिले, तर धान्य आणि गोड किती अधिक जाते व भाजी किती कमी, हे ध्यानात येईल. डाळी प्रामुख्याने अंगमेहनत करणाऱ्यांसाठी, असे त्यांचे मत होते. ज्याच्या ताटात एवढे दूध नाही, त्याला ते लागू पडणार नाही. घास सावकाश चावावा आणि जेवणांच्या मधल्या वेळी सतत तोंड चालू ठेवू नये, यावर त्यांचा भर होता.

याच बंदिवासात १९४३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एकवीस दिवसांचा उपवास झाला. असे दीर्घ उपवास त्यांनी अनेकदा केले, पण ते आत्मशुद्धीचे वा सार्वजनिक प्रायश्चित्ताचे होते. वजन उतरविण्याचा उपाय म्हणून त्यांचे अनुकरण करू नये. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच कस्तुरबांचे निधन झाले.

सन १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी पुण्याजवळ उरुळी कांचन येथे आले. खेड्यातील गरिबाला परवडेल असा उपचार हवा, म्हणून पाणी, माती, सूर्यप्रकाश, पथ्याचा आहार आणि रामनाम यांवर आधारलेले निसर्गोपचार केंद्र त्यांनी तेथे सुरू केले. स्वतः काही दिवस रोगी तपासले, आणि पुढील काम मणिभाई देसाई यांच्यावर सोपविले. मणिभाईंनी त्या गावालाच आपले आयुष्य दिले. त्यानंतर काही महिन्यांतच नोआखालीच्या दंगलींची वार्ता आली. सत्त्याहत्तर वर्षांचे गांधीजी जानेवारी १९४७ पासून अनवाणी पायांनी, बांबूच्या अरुंद साकवांवरून, गावामागून गाव चालत राहिले. राजकोटच्या त्या लाजाळू मुलाने लावून घेतलेली सवय अशी कामी आली.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनात दुपारी साडेचारच्या सुमारास आभाबेनने त्यांचे सायंकाळचे जेवण आणले. शेळीचे दूध, शिजविलेली व कच्ची भाजी, संत्री आणि आले-लिंबाचे एक पाचक मिश्रण. समोर सरदार वल्लभभाई पटेल बसले होते, बोलणे गंभीर होते आणि प्रार्थनेची पाचची वेळ टळून गेली होती. सूर्य अजून मावळला नव्हता. गांधीजी उठले, आभा आणि मनू यांच्या खांद्यांवर हात ठेवले आणि हिरवळीवरून झपझप चालू लागले. चालता चालता त्यांनी आभाबेनची थट्टा केली, की सकाळी तिने वाढलेले कच्चे गाजर म्हणजे गुरांचे खाणे होते. बा तर त्याला घोड्याचे खाणे म्हणत, असे तिने उत्तर दिले. ज्याला कोणी विचारीत नाही त्याची आपण चव घेतो, हा केवढा मोठेपणा, असे विनोदाने म्हणत ते प्रार्थनास्थळाच्या पायऱ्यांपाशी पोहोचले. तेथे त्यांनी मुलींच्या खांद्यांवरचे हात काढले आणि जमलेल्या लोकांना नमस्कार करण्यासाठी जोडले.